ड्राइव्हमधलं वावर

आमच्या घरी गेमचा कन्सोल आला तो केनवडहून, मामांच्या गावाहून, कांद्याच्या पोत्यातून. मामाचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याने नवा कन्सोल घेतला आणि जुना गावी आणून ठेवला. मामींना तो डोळ्यांसमोर नको होता, म्हणून मामांनी तो चादरीत गुंडाळला, पोत्यात घातला, वरून कांदे ओतले आणि एसटीने आमच्याकडे घेऊन आले. कांदे कशाला, असं आईने विचारलं, तर म्हणाले, यंत्र दिसलं की कंडक्टर चौकशी करतो, कांद्याची कोणी करत नाही. पुढे बरेच दिवस कन्सोलच्या जाळीतून कांद्याची सालं निघत होती.

सोबत दोन सीडी होत्या. एक फुटबॉलची, ती माझ्या धाकट्या भावाने लगेच ताब्यात घेतली. दुसरीवर ट्रॅक्टरचं चित्र होतं. ती शेतीच्या गेमची होती आणि आम्ही ती टीव्हीखाली सारून ठेवली. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसांच्या घरात टीव्हीवर पुन्हा शेती कोण करणार, असं मला वाटलं.

बाबांनी केली.

आमचं शेत वाशीमपासून जवळच, घराला लागून, नाल्याच्या काठाला आहे. लहान आहे, पण पाणी आहे, म्हणून आम्ही भाजीपाला करतो. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्यासाठी झेंडू. बाबा पहाटे माल घेऊन बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला, जातात, त्यामुळे दुपारी त्यांना दोन घटका मोकळ्या मिळतात. अशाच एका दुपारी भावाने त्यांची गंमत करायला ती ट्रॅक्टरची सीडी लावली आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. बाबांनी पहिल्याच फेरीत ट्रॅक्टर विहिरीसारख्या कशात तरी घातला. भाऊ हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि विचारलं, "पेरणीयंत्र कुठं भेटते?"

त्या दिवसापासून दुपारचा टीव्ही बाबांचा झाला.

हे समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या भागात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन असतं. फक्त आमच्या शेतात नसतं. बाबा लग्नाच्या आधी लोकांचं सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जायचे, पोती वाहायचे, मळणीयंत्रावर उभे राहायचे. पण स्वतःचं सोयाबीन त्यांनी कधी पेरलं नाही, कारण पेरायला तेवढी जमीनच नव्हती. गेममध्ये होती. सुरुवातीला लहानसा तुकडा होता, मग त्यातलं पीक विकून, पैसे साठवून, बाबांनी रस्त्याकडेचं एक लांबच लांब वावर घेतलं आणि त्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सोयाबीन पेरलं. त्या दिवशी जेवताना ते दोनदा म्हणाले की उगवण चांगली आहे. आईला वाटलं मेथीचं बोलत आहेत.

आईचा त्या वावरावर विश्वास नव्हता. तिने एकदा कणीक मळता मळता पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं की निंदायला बाया कुठे आहेत. मी सांगितलं की गेममध्ये बाया नसतात, फवारणी असते. आई म्हणाली, "बाया नाई त्या वावराले काय वावर म्हनाचं," आणि चुलीकडे निघून गेली.

अडचण श्रावणात आली. भावाच्या फुटबॉलच्या गेमचं नवं अपडेट आलं आणि कन्सोलने सांगितलं की जागा शिल्लक नाही, काहीतरी काढून टाका. मामाच्या मुलाचे जुने गेम आत भरलेले होते, ते आम्ही आधीच काढले होते. भावाने त्याच्या मोबाइलवरून आणखी दोन उतरवून घेतले होते, त्यांना हात लावायला तो तयार नव्हता. त्याचं म्हणणं असं की ट्रॅक्टरचा गेम काढावा, बाबांना तसंही खरं शेत आहेच. हे तो बाबांच्या समोर बोलला. बाबा रिमोट मांडीखाली घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वाशीमच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे, कॉम्प्युटर सायन्स घेऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे वीज, वायर किंवा बटण असलेली कोणतीही गोष्ट बिघडली की ती माझ्याकडे येते. मी शेजारच्यांचा मिक्सर पाहिला आहे, सरपंचांच्या घरचा इन्व्हर्टर पाहिला आहे. नुसता पाहिला आहे. कॉलेजात आम्ही दिलेली संख्या मूळ आहे की नाही ते शोधायचे प्रोग्राम लिहितो. हे घरी सांगायचा प्रयत्न मी केला होता, पण आई म्हणाली, जिला संख्येच्या आतलं कळतं तिला डब्याच्या आतलं कळणारच.

मी दोन दिवस मोबाइलवर वाचत बसले. कळलं ते इतकंच की आमच्यासारख्या जुन्या कन्सोलला बाहेरून ड्राइव्ह जोडता येतो आणि गेम त्यावर हलवता येतात, तिथूनच खेळताही येतात. बाबांना हे समजावणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. घर लहान पडलं की माणूस शेतात कोठा बांधतो, तसंच हे, असं मी म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं की कोठ्याला पत्रे कोणते टाकायचे. म्हणजे कोणता ड्राइव्ह घ्यायचा.

वाशीमच्या बाजारात माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या अब्बांचं मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. दुपारी कॉलेज सुटलं की ती काउंटरवर बसते. मी तिला विचारलं. ती म्हणाली, साधी हार्ड डिस्कही चालेल, पण तिच्यात चकती फिरते, सुई चालते, ते हळू असतं. एसएसडीमध्ये काही फिरत नाही, म्हणून गेम पटकन उघडतो. कोणासाठी पाहिजे, भावासाठी का, असं तिने विचारलं. मी सांगितलं, बाबांसाठी.

"अंकल गेम खेळतात?"

"शेती करतात," मी म्हटलं.

तिने एसएसडीच काढून दिली. म्हणाली, शेती असेल तर चांगलं बियाणं घे, नंतर पस्तावशील.

घरी डबी उघडली तेव्हा बाबांचा चेहरा पडला. ड्राइव्ह सुपारीच्या डबीपेक्षा मोठा नव्हता. ते तो तळहातावर घेऊन अंदाज घेत राहिले, जसं वांग्याचं वजन घेतात तसं. "ह्याच्यात मावते थे वावर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, पण मलाही आतून खात्री नव्हती.

जोडताना एक चूक झालीच. भावाने तो आपल्या चार तोंडांच्या यूएसबी वायरीला लावला, जिला त्याचा मोबाइल आणि छोटा पंखाही लावलेला असतो. कन्सोलने ओळखलं नाही. तो थेट कन्सोललाच लावावा लागतो, हे मला वाचूनही आठवलं नव्हतं. मग थेट लावला, तेव्हा पडद्यावर आलं की हा ड्राइव्ह वापरायचा तर आधी फॉरमॅट करावा लागेल, त्यावरचं सगळं जाईल. बाबांनी फॉरमॅट म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, नांगरून सपाट करणं, आधीचं काही ठेवायचं नाही. नव्या ड्राइव्हवर आधीचं काहीच नव्हतं, म्हणून भावाने बटण दाबलं आणि झालं. ट्रॅक्टरचा गेम त्यावर हलवायला आमचा चहा होईपर्यंतचा वेळ लागला. बाबा चहा न पिता ती पुढे सरकणारी निळी पट्टी पाहत होते.

आणि गेम खरंच पटकन उघडला. आधी तो उघडेपर्यंत बाबा बाहेर जाऊन एखादी सरी पाण्याने भरून यायचे. आता त्यांना बसल्या जागेवरून उठायलाही वेळ मिळेना. त्यांनी त्या डबीवर धूळ बसू नये म्हणून आईचा एक रुमाल घातला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले की आपलं वावर ह्याच्यात आहे.

नवरात्र आलं तेव्हा बाबांचं सोयाबीन पिवळं झालं होतं. टीव्हीवरचं. बाहेर गावातही सोंगणी सुरू झाली होती, मळणीयंत्रांचा आवाज दिवसभर यायचा, भुसा उडून आमच्या वांग्यांवर बसायचा. बाबांनी आपलं पीक मात्र मुद्दाम ठेवलं होतं. पहिल्यांदाच एवढं मोठं पीक आहे, तर हार्वेस्टर दसऱ्याच्या मुहूर्तावर घालायचा, असं त्यांनी ठरवलं. गेममध्ये पीक जास्त दिवस उभं राहिलं तर वाळून जातं, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना बजावलं की तो गेम कोणी उघडायचा नाही, उघडला की तिथला दिवस पुढे जातो. भाऊ मला हळूच म्हणाला की देशात पहिलाच शेतकरी असेल ज्याने दिवस थांबवून ठेवला.

खंडेनवमीला आमच्या घरी सगळी अवजारं धुऊन मांडतात. पाटावर कापड, त्यावर विळे, खुरप्या, कुदळ, फवारणीचा पंप, तराजू, बाबांच्या मोटरसायकलची चावी. प्रत्येकाला हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी काही उचलायचं नाही. त्या दिवशी अवजारांना सुट्टी असते. पण आमच्या झेंडूला नसते, त्यामुळे दरवर्षी फुलं आदल्या दिवशीच तोडून ठेवतो. त्या सकाळी मी आणि भाऊ वाशीमच्या चौकात फुलांचा ढीग घेऊन बसलो होतो. ढीग संपायला दुपार झाली.

घरी आलो तेव्हा पूजा झाली होती. अगरबत्ती जळत होती. पाटावर माझा लॅपटॉप होता, तो आईने मांडला असणार. आणि लॅपटॉपच्या शेजारी, खुरपीच्या अलीकडे, एसएसडी होती. तिच्या डोक्यावर फूल होतं.

मी कन्सोलकडे पाहिलं. त्याचा लहान दिवा जळत होता. म्हणजे तो बंद नव्हता, झोपवलेला होता, आणि ड्राइव्ह तसाच ओढून काढला होता. आम्हाला कॉलेजात निदान हे एक तरी शिकवलं आहे की असं करू नये.

मी बाबांना विचारलं, काढताना कन्सोल पूर्ण बंद केला होता का. ते म्हणाले, "दिवा जळत होता. पन म्या हळूच काढलं."

मग मी जवळ जाऊन पाहिलं आणि मला दुसरी गोष्ट दिसली. विळ्याला कुंकू धारेला लावतात. कुदळीला टोकाला, पंपाला नळीच्या तोंडाला. जिथून अवजार काम करतं तिथे लावायचं, ही आमच्याकडची पद्धत. बाबांनी ड्राइव्ह उलटासुलटा करून पाहिला असेल. त्याला धार नव्हती, टोक नव्हतं. एक भोक होतं, जिथे वायर बसते. बाबांनी ओल्या कुंकवाचं बोट बरोबर त्या भोकात दाबलं होतं.

मला वाटलं आत्ताच उचलावा आणि पुसावा. पण पाटावरचं उचलायचं नसतं, आणि आई तिथेच बसली होती. शिवाय बाबांनी ते किती मनापासून केलं होतं ते त्या कुंकवाकडे पाहून कळत होतं. विळ्यांना एकेक बोट होतं, ड्राइव्हला मात्र हळदीचं वेगळं, कुंकवाचं वेगळं, वर अक्षताही. रात्रभर वाळेल, मग पाहू, असं मनाला सांगितलं.

दसऱ्याच्या सकाळी आंघोळी झाल्या, नारळ फोडला, अवजारं उठवली. बाबांनी नवा शर्ट घातला होता. ड्राइव्ह त्यांनी स्वतःच्या हाताने भावाला दिला. मी थांब म्हणायच्या आत भावाने कुंकू फुंकरीने उडवून वायर लावलीसुद्धा. पडद्यावर काहीच आलं नाही. मग काढून पुन्हा लावली, तेव्हा एक चौकट आली. जोडलेलं साधन वाचता येत नाही. वापरायचं असेल तर फॉरमॅट करा.

बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण भावाने मोठ्याने वाचलं तेव्हा त्यांनी तो एक शब्द ओळखला. श्रावणात मी त्याचा अर्थ सांगितला होता.

"फॉरमॅट कर म्हनते काय थे?"

मी हो म्हटलं.

"मंग सोयाबीन?"

आमच्या सगळ्यांची समजूत अशीच होती की वावर ड्राइव्हमध्ये आहे. मीच तसं सांगितलं होतं. बाबा बाजेवर बसले आणि म्हणाले, राहू दे, गेमच होता. पण आईने आणलेला चहा त्यांनी खाली ठेवला आणि तो तसाच निवला. आई त्या डबीला बोलायला लागली, एवढं हळदकुंकू केलं तरी अशी वागते म्हणून. भाऊ एरवी अशा वेळी काहीतरी टोमणा मारतो. त्यानेही मारला नाही. फुटबॉलच्या जागेसाठी त्यानेच सोयाबीन काढून टाका म्हटलं होतं, आणि आता ते खरंच गेलं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी मैत्रिणीला फोन केला. सुट्टीच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल आधी माफी मागितली. ती म्हणाली, तकल्लुफ नको, काय झालं ते सांग. मी कुंकवाचं सांगितलं.

"आमच्या दुकानात चहात पडलेले येतात, नाल्यात पडलेले येतात, बकरीने चावलेला पण एक आला होता," ती म्हणाली. "सौभाग्यवती झालेला पहिलाच."

मग तिने नीट सांगितलं. बटण दाबू नको. भोक कोरड्या ब्रशने साफ कर, पाणी लावू नको, उन्हात ठेवू नको, वाऱ्याला ठेव. तरीही वाचलं नाही तर मात्र त्यातलं परत मिळणं कठीण, कारण कन्सोलने आपल्या पद्धतीने भरलेला ड्राइव्ह साध्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही.

आईने दातांचा एक नवा ब्रश फोडून दिला. मी अंगणात बसून त्या भोकातून कुंकू काढलं. लाल भुकटी निघत होती, मग पिवळी, मग एक तांदळाचा कण निघाला. बाबा दाराशी उभे राहून पाहत होते आणि तांदूळ निघाला तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. नंतर ड्राइव्ह आम्ही पंख्याखाली ठेवला. पुन्हा लावला तेव्हा कन्सोलने त्याला ओळखलं. आम्ही सगळे पुढे सरकलो. पट्टी आली, दुरुस्त करत आहे असं लिहून आलं, पट्टी अर्ध्यावर गेली, थांबली. आणि पुन्हा तेच. आतला मजकूर खराब आहे, फॉरमॅट करा.

"ताई, दाब ना," भाऊ म्हणाला. "दुसरा रस्ता नाई."

मी दाबलं नाही. धाडस नव्हतं म्हणून दाबलं नाही, हे खरं आहे. परीक्षेतही मी उत्तर लिहिण्याआधी प्रश्न तीन-तीनदा वाचते आणि वेळ पुरत नाही. इथे निदान घंटा वाजणार नव्हती. ती चौकट बंद केली आणि कन्सोलच्या सेटिंगमध्ये शिरले. आत एकामागे एक यादी होती. आवाज, पडदा, नेटवर्क. मी प्रत्येक ओळ उघडून वाचली. भावाने कंटाळून आपट्याची पानं मोजायला घेतली. जागेचा हिशेब जिथे होता तिथे दोन कप्पे होते, एक बाहेरच्या ड्राइव्हचा आणि एक कन्सोलचा स्वतःचा. स्वतःच्या कप्प्यात एक ओळ होती, जतन केलेला खेळ. ती उघडली. फुटबॉल होता. त्याच्याखाली लहानसं ट्रॅक्टरचं चित्र होतं. त्याच्यापुढे तारीख होती, बाबांनी गेम थांबवला त्या दिवसाची, दुपारची.

ती मी दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा.

मी बाबांना जवळ बोलावलं आणि जसं मला कळलं तसं सांगितलं. आपण ड्राइव्हवर हलवला तो गेम, म्हणजे ट्रॅक्टर, आकाश, पाऊस, रस्ते, सगळं तयार सामान. ते सीडीतून पुन्हा भरता येतं. पण तुम्ही काय पेरलं, कुठे पेरलं, किती वाढलं, ते कन्सोल स्वतःजवळच ठेवतो, ते बाहेरच्या ड्राइव्हवर जातच नाही. म्हणजे ड्राइव्ह सपाट केला तरी वावराला काही होणार नाही. बहुतेक.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"बहुतेक म्हंजे किती आणे?"

बाबा कोणत्याही पिकाचा अंदाज आण्यांत सांगतात, सोळा आणे म्हणजे भरलं पीक. मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं.

"बारा आणे," मी म्हटलं.

"बारा आणे लय होते," बाबा म्हणाले. "बारा आण्यावर आमी जिंदगीभर पेरलं. दाब."

मी दाबलं. ड्राइव्ह सपाट व्हायला क्षणभरच लागला. नंतर सीडी टाकली, गेम भरायला सुरुवात झाली, आणि तो भरून झाल्यावर कळलं की त्याचं अपडेटही पुन्हा उतरवावं लागेल, नाहीतर जुनं पीक उघडणार नाही. घरात वायफाय नाही. भावाने काही न बोलता आपला मोबाइल खिडकीत ठेवला, जिथे रेंज येते, आणि त्याचं इंटरनेट कन्सोलला जोडून दिलं. त्या दिवशी त्याने एकदाही मोबाइल परत मागितला नाही. एवढं मोठं दान त्याने याआधी कोणाला केलेलं मी पाहिलं नव्हतं.

अपडेट उतरत राहिलं आणि दिवस कलायला लागला. गावातली माणसं सोनं द्यायला यायला लागली. बाबा एका हाताने आपट्याची पानं घ्यायचे, दुसऱ्या हाताने द्यायचे, पाया पडणाऱ्याला आशीर्वाद द्यायचे, पण डोळे टीव्हीवरच्या टक्क्यांवर. शेजारच्या काकांनी विचारलं की हे काय चाललं आहे. ते स्वतः त्याच सकाळी दोन एकर सोयाबीन काढून आले होते, कानांत भुसा तसाच होता.

"वावर येऊन राह्यलं," बाबा म्हणाले.

काकांना काही कळलं नाही, पण तेही बसले. मग त्यांच्या मागून आलेले दोघे बसले. आईने चिवड्याची ताटली फिरवली. गेम उघडला तेव्हा ओसरीत इतकी माणसं होती की मला रिमोट बाबांपर्यंत हातोहात पोचवावा लागला.

आधी काळा पडदा आला. मग निळं आकाश आलं. मग रस्ता दिसला, आणि रस्त्याच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळंधमक सोयाबीन उभं होतं. एक झाडही कमी नव्हतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका जरा पुढे वाकले आणि म्हणाले, शेंगा चांगल्या लागल्या दिसतात. बाबा म्हणाले, हो, वाण चांगलं होतं. आणि हार्वेस्टर चालू केला.

पीक काढायला बराच वेळ लागला, कारण प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. वळताना दाणे सांडतात म्हणून काका ओरडत होते. एकाचं म्हणणं होतं की आडवं चालवा. आई दारात उभी होती. मला वाटलं ती दिवा लावायला आली आहे. हार्वेस्टर शेवटच्या कडेला पोचला, बाबांनी रिमोट खाली ठेवला आणि कपाळ पुसलं, तेव्हा ती पहिल्यांदाच बोलली.

"थ्या बाभळीच्या बाजूनं एक तास राह्यलं," ती म्हणाली. तास म्हणजे पिकाची ओळ. "अर्धवट काढून कायले उठून राह्यले?"

सगळ्यांनी पाहिलं. खरंच, झाडाच्या सावलीत एक बारीक पिवळी रेघ उरली होती. ते झाड बाभूळ नव्हतं, कुठल्यातरी परदेशातलं होतं, पण ते कोणी म्हटलं नाही. बाबांनी हार्वेस्टर मागे फिरवला.

माणसं गेल्यावर त्यांनी मला विचारलं की आजचं काढलेलं पीक नेमकं कुठे जाऊन बसलं. मी कन्सोलकडे बोट केलं. त्यांनी विचारलं की दुसरीकडेही ठेवता येतं का. मी म्हटलं, पेनड्राइव्हवर त्याची एक नक्कल करता येते, मी नुकतंच वाचलं आहे. हे मी आधी का सुचवलं नाही असं त्यांना वाटलं असेल, पण ते फक्त इतकंच म्हणाले की बियाणं कोणी एका जागी ठेवत नाही. मी कॉलेजचा पेनड्राइव्ह रिकामा केला आणि वावर त्यावर उतरवून त्यांच्या हातात दिलं.

बाबांनी तो घेऊन घरभर एक चक्कर मारली. टीव्हीजवळ नको म्हणाले, देवघरात नको म्हणाले. शेवटी त्यांनी बियाण्याची पत्र्याची पेटी उघडली, जिच्यात पुढच्या हंगामाचे धने आणि मेथी कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली असते, आणि पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्या दोन्हींच्या मध्ये ठेवला. तो अजून तिथेच असतो. बाबांनी गेममध्ये नवीन पेरणी केली की ते पेटी उघडतात, पिशवी सोडतात आणि माझ्याकडे आणून देतात, नवं भरून दे म्हणतात. मी भरून देते. पेनड्राइव्हला आता कडुनिंबाचा वास येतो. कॉलेजात एकदा तो चुकून माझ्यासोबत आला, तेव्हा मी तो कोणत्याही कॉम्प्युटरला लावला नाही, दिवसभर मुठीत धरून ठेवला आणि कॉलेज सुटताच पहिल्या ऑटोने घरी घेऊन आले.